बादलीभर शेवाळ

घरात खाऱ्या पाण्याचा टँक आला तेव्हा आईला माशांचं कौतुक होतं. पुढे मी टँकखालच्या कपाटात आणखी एक काचपेटी ठेवली, तिच्यावर जांभळट दिवा लावला आणि त्यात हिरवी जटा वाढवायला लागलो. तेव्हा मात्र ती म्हणाली, "अरे, गावी विहिरीतलं शेवाळ काढायला आम्ही दरवर्षी गडी लावायचो. तू पैसे देऊन विकत आणतोस?" मी तिला नायट्रेट, फॉस्फेट असं बरंच काही ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग वाढलं की काढतोस ना?"

मी काढत नव्हतो. उलट किती दाट झालंय हे आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवत होतो. ही पुस्तिका म्हणजे आईच्या त्या प्रश्नाला बऱ्याच वर्षांनी दिलेलं उत्तर आहे.

ज्यांनी मरीन टँक पाळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मुख्य टँकमधलं पाणी वरून ओसंडून खालच्या पेटीत येतं, तिला सगळे सम्प म्हणतात. तिथे ते गाळलं जातं, स्किमरमधून, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्रातून, जातं आणि पंपानं पुन्हा वर चढतं. या फेऱ्याच्या वाटेवर एक कप्पा असा राखायचा की तिथे मासा पोहोचणार नाही, पाणी मात्र तेच खेळत राहील. हा कप्पा म्हणजे रिफ्युजियम. शब्द लॅटिन आहे, अर्थ आश्रयस्थान. हिमयुगात आसपास सगळं गोठलेलं असताना ज्या थोड्या जागी झाडं-प्राणी तगून राहिले, त्या जागांनाही जीवशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात.

मुळात हा आश्रय शेवाळासाठी नव्हताच. तो होता कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड अशा तिळाएवढ्या आणि त्याहून बारीक जिवांसाठी. मुख्य टँकमध्ये ते माशांच्या तोंडी लागतात आणि त्यांची वीण वाढत नाही. खालच्या कप्प्यात त्यांना शांतपणे वाढू दिलं की त्यातले काही रोज पाण्याबरोबर वर जातात आणि माशांना जिवंत खाऊ मिळतो. मँडरीन नावाचा निळ्या-नारिंगी नक्षीचा देखणा मासा जवळजवळ या पॉड्सवरच जगतो. दुकानातून तो हौसेनं आणायचा आणि घरी दोन-तीन महिन्यांत उपासमारीनं गमवायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. या जिवांना लपायला, चिकटायला काहीतरी हवं म्हणून शेवाळ आलं. ते पाणीही स्वच्छ करतं हे मग ध्यानात आलं, आणि आता तर बहुतेकांना तेवढंच ठाऊक असतं. धर्मशाळेत आलेल्या पाहुण्यानंच धर्मशाळेचा कारभार हाती घ्यावा, तसं झालं.

शेवाळाकडून पाणी साफ करून घेण्याचा विचार काही नवा नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी १९८० च्या दशकात प्रवाळ-परिसंस्थेचे मोठे टँक चालवले ते प्रामुख्यानं शेवाळाच्या जोरावर. जाळीवर पाण्याच्या लाटा सोडायच्या, वरून प्रखर उजेड द्यायचा आणि जाळीवर उगवणारी आखूड शेवाळी ठराविक दिवसांनी खरवडून काढायची. त्यांच्या यंत्राच्या नावातच घासण्या-खरवडण्याचा अर्थ आहे. आपण हौशी लोकांनी त्यातला उजेड घेतला, पाणी घेतलं, शेवाळ घेतलं. खरवडणं तेवढं विसरलो.

आता हिशेब. माझ्या मते या विषयातली निम्मी भोंदूगिरी साध्या त्रैराशिकानं उघडी पडते. तीनशे लिटरच्या टँकमध्ये दिवसाला ३ ग्रॅम कोरडा खाऊ पडतो असं धरा. त्यात ४५ टक्के प्रथिनं असतील तर ती झाली १.३५ ग्रॅम. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज ०.२२ ग्रॅम आणि आठवड्याला दीड ग्रॅम. यातला थोडा माशांच्या वाढीत मुरतो. उरलेला मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. दगडांवरचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. तिथे गाडी थांबते. नायट्रेट जागच्या जागी साचत जातं.

हा दीड ग्रॅम नायट्रोजन शेवाळानं उचलायचा म्हटला तर किती शेवाळ लागेल? वाळलेल्या शेवाळात नायट्रोजन साधारण ३ टक्के धरू. म्हणजे ५० ग्रॅम वाळलेलं शेवाळ. ओल्या शेवाळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे ओलं अर्धा किलो. हे दर आठवड्याला नव्यानं वाढायला हवं आणि दर आठवड्याला बाहेर पडायला हवं. खोक्यावर "नायट्रेटमुक्त टँक" असं छापलेलं आणि आत मूठभर शेवाळ मावेल एवढाच कप्पा असलेलं यंत्र विकत घेण्यापूर्वी वाचकानं हा हिशेब स्वतःच्या टँकसाठी एकदा कागदावर मांडावा. माझे आकडे मोघम आहेत. खाऊ, मासे, शेवाळाची जात यांनुसार ते वर-खाली होतील. पण मूठ आणि अर्धा किलो यांत जो फरक आहे तो मोघम नाही.

शेवाळ नायट्रेट "खातं" असं आपण म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. खाल्लं म्हणजे संपलं, अशी आपली समजूत. पण शेवाळ काहीच संपवत नाही, अंगात साठवतं. ते त्याच पाण्यात कुजलं तर साठवलेलं सगळं पुन्हा पाण्यात येतं. टँकमधून नायट्रोजन खऱ्या अर्थानं बाहेर पडतो तो तुम्ही शेवाळ बादलीत काढून कपाटाचं दार लावता तेव्हा. तोवर तो फक्त या खोलीतून त्या खोलीत गेलेला असतो.

कोणतं शेवाळ, यावर हौशी मंडळींत भांडणं होतात. या पुस्तिकेत मी बाजू घेतली आहे: कीटोमॉर्फा. याला कोणी चेटो म्हणतं, कोणी कीटो. वजन उतरवण्याच्या आहाराशी त्याचा काही संबंध नाही. हिरव्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याचा गुंता दिसावा तसं ते दिसतं. टँकमध्ये पाळली जाणारी जात कशालाही न चिकटता मोकळी तरंगते, त्यामुळे अख्खा गोळा उचलावा, हवा तेवढा तोडावा आणि उरलेला परत सोडावा. याच कुळातलं शेवाळ आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवतं. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी मालवण-रत्नागिरीकडच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात तर लाटा फुटतात त्या कडांवर राठ केसांसारखे हिरवे झुबके दिसतील. पण ते खडकाला घट्ट धरून, लाटांचा मार खात जगणारं शेवाळ आहे. घरच्या शांत कप्प्यात ते टिकेल अशी आशा धरून खरवडून आणू नका. आणि तिथे गेलात तर प्रवाळाच्या तुकड्याला हातही लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, वाघाच्या बरोबरीनं.

दुसरा लोकप्रिय प्रकार कॉलर्पा. दिसायला कीटोपेक्षा कितीतरी सुंदर. एक जात पिसासारखी, एक पात्यासारखी, एक द्राक्षांच्या घोसासारखी. माझ्याकडे पहिल्यांदा आली ती द्राक्षांची जात, आणि तिनं मला या विषयातला सर्वांत महागडा धडा दिला.

कॉलर्पाची गंमत अशी की हातभर पसरलेली वेल म्हणजे एकच पेशी असते. आत भिंती नाहीत, कप्पे नाहीत. असंख्य केंद्रकं एकाच द्रवात वाहत असतात. म्हणून ती झपाट्यानं वाढते आणि तुटलेल्या छोट्या तुकड्यातूनही पुन्हा उभी राहते. पण याच रचनेमुळे तिचं मरणही एकदम येतं. प्रजननाची वेळ आली की वेल आपल्यातला सगळा जिवंत ऐवज युग्मकांत बदलते आणि पहाटेच्या सुमारास एका दमात पाण्यात सोडून देते. मागे उरते पांढरी, काचेसारखी पोकळ साल. आदल्या दिवशी पानांवर जाळीदार नक्षी उमटते, हिरवा रंग रेषांमध्ये गोळा होतो. ही सूचना असते. मला ती कळली नाही. उलट "नवीनच नक्षी आली" म्हणून मी तिचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठलो तर स्किमर उतू जात होता आणि टँकमधलं पाणी मेंदी कालवल्यासारखं हिरवं झालं होतं. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. कित्येक महिने त्या वेलीनं जे साठवलं होतं, ते एका पहाटेत पाण्यात परत आलं, शिवाय ते कुजताना प्राणवायू ओढत होतं. दोन मासे गेले. उरलेले वाचले ते शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या हवेच्या पंपामुळे आणि दिवसभर केलेल्या पाणीबदलामुळे. आईनं काही विचारलं नाही. तिनं फक्त बादल्या भरून दिल्या.

तरीही कॉलर्पा कोणी पाळूच नये, असं मी म्हणत नाही. नियमानं छाटली जाणारी वेल सहसा या थराला जात नाही, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पण ज्याला आठवड्याला अर्धा तास द्यायचा नाही त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

तिची दुसरी भानगड टँकबाहेरची आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रसंग्रहालयाच्या पायथ्याशी समुद्रतळावर कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक पट्टा आढळला, जेमतेम चौरस मीटरभर. फ्रान्सचे वैज्ञानिक अलेक्झांडर माइनेझ यांनी ती संग्रहालयाच्या टँकमधून सुटली असं ठामपणे मांडलं आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद पेटला. वाद चालू असताना वेल थांबली नव्हती. काही वर्षांत तो पट्टा हेक्टरमध्ये मोजावा लागला आणि पुढे भूमध्य समुद्राचा मोठा किनारा तिनं व्यापला. २००० साली तीच वेल कॅलिफोर्नियात कार्ल्सबादजवळच्या खाजणात सापडली. तिथे त्यांनी वेळ दवडला नाही. वेलीवर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडला, पाणबुडे लावून इंच न् इंच तपासला आणि २००६ मध्ये ती संपल्याचं जाहीर केलं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या घरात गेला. कोणाच्या तरी टँकमधून फेकलेल्या मूठभर हिरवळीची ही किंमत.

म्हणून छाटलेलं शेवाळ नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात टाकायचं नाही. "समुद्राचंच तर आहे, समुद्राला परत दिलं" हा युक्तिवाद मी भल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्या किनाऱ्यावर कॉलर्पाच्या स्थानिक जाती आहेतच, पण दुकानातून आलेलं शेवाळ कुठून आलंय आणि त्याबरोबर कोणते जीव आलेत हे विकणाराही सांगू शकत नाही. छाटलेलं शेवाळ एक दिवस नळाच्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग उन्हात कडकडीत वाळवा. मीठ धुऊन निघालं असेल तर कुंडीतल्या खतात थोडंथोडं मिसळता येतं. आणि टँकमध्ये टँग जातीचा मासा असेल, तर छाटणीतला त्याचा वाटा त्याला आधी द्या. तो आडवा हात मारतो.

वाढत नाही अशीही तक्रार असतेच, किंबहुना वाढण्यापेक्षा न वाढण्याची पत्रं मला जास्त येतात. कीटो फिकट पिवळं पडलं, ठिसूळ झालं, तुकडे होऊन पंपाच्या जाळीत अडकलं. बहुतेक जण उजेड वाढवतात. दहांपैकी सात वेळा दोष उजेडाचा नसतो, शेवाळ उपाशी असतं. इथे पुन्हा एक हिशेब कामी येतो. समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १०६, १६ आणि १ असं असतं, हे अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या कामातून पुढे आलं. मोठ्या शेवाळांचं प्रमाण मात्र वेगळं: अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये ते सरासरी ५५०, ३० आणि १ असं काढलं. टँकच्या भाषेत सांगायचं तर शेवाळ साधारण २० भाग नायट्रेटमागे १ भाग फॉस्फेट उचलतं. माशांच्या खाऊत फॉस्फरस त्यामानानं बराच जास्त असतो. त्यामुळे नायट्रेट आधी संपतं, फॉस्फेट उरतं आणि शेवाळ ताटावर बसून भाताविना आमटीकडे बघत राहतं.

अशा वेळी खरं तर माशांना थोडा जास्त खाऊ घालायला हवा, आणि हे सांगितलं की लोकांना धक्का बसतो. शून्य नायट्रेट हे ध्येय नाहीच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या टँकमध्ये तपकिरी, बुडबुडे धरलेल्या तारांसारखा डायनोफ्लॅजेलेट पसरतो आणि तो हटवताना माणूस रडकुंडीला येतो. दुसरी उणीव लोहाची. शेवाळ लोह आणि मँगनीज भराभर ओढतं, पाणीबदल कमी असेल तर ते उरत नाही आणि पातं फिकट पडतं. बाटलीतलं लोह घालायला हरकत नाही, पण थेंब मोजून. लोह काही फक्त तुमच्या लाडक्या शेवाळालाच मिळतं असं नाही, काचेवरच्या नको असलेल्या शेवाळीलाही ते तितकंच आवडतं.

तिसरं कारण सगळ्यांत साधं: गोळा फार मोठा झाला. वरचा थर उजेड अडवतो, पोटातला भाग अंधारात कुजतो, गुंत्यात गाळ अडकतो, पाणी आत शिरत नाही. बाहेरून हिरवंगार दिसणारा गोळा फोडून पाहिला की आत करडा, वास मारणारा लगदा निघतो. ज्या दिवशी शेवाळ सर्वांत भरघोस दिसतं त्या दिवसापासून त्याचं काम मंदावलेलं असतं. म्हणून गोळा दर आठवड्याला टँकच्याच पाण्यात हिसळायचा, उलटा करायचा आणि एक तृतीयांश तरी काढायचा. पूर्ण काढू नये, निम्म्याहून अधिक शक्यतो नको. उरलेल्या बेण्यावर पुढचं पीक येतं.

दिव्याविषयी एकच गोष्ट इथे सांगतो, बाकी प्रकरणात आहे. रिफ्युजियमचा दिवा रात्री लावा. दिवसा वरच्या टँकमध्ये प्रवाळ आणि शेवाळी कार्बन डायऑक्साइड ओढतात, पाण्याचा पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात आणि तो उतरतो. खालच्या कप्प्यात रात्री उजेड असेल तर शेवाळ तो वायू उचलत राहतं आणि चढ-उतार कमी होतो. मुंबई-ठाण्यातल्या बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या खोल्यांत तर माणसांच्या श्वासानंही पीएच खाली येतो, त्यामुळे इथे याचा उपयोग अधिक. फक्त रात्री वीज गेली तर शेवाळही प्राणवायू घेणाऱ्यांच्या पंगतीला बसतं हे विसरू नका. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. मी तो आता दोन ठेवतो.

या पुस्तिकेत कोणत्याही कंपनीच्या दिव्याची किंवा औषधाची शिफारस सापडणार नाही. सापडेल ते काम: पेटीचं माप, पाण्याचा वेग, छाटणीची पद्धत, आजाराच्या खुणा, आणि शेवटी वर्षभराच्या नोंदीसाठी कोऱ्या पानांचा तक्ता. तो तक्ता पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असं मी मानतो आणि तोच सगळे वगळतील हेही मला माहीत आहे. त्यात तीनच रकाने आहेत: तारीख, काढलेल्या शेवाळाचं पिळलेलं वजन, त्या दिवशीचं नायट्रेट. पिळताना दर वेळी सारखंच पिळा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही. दोन-तीन महिने वजन घसरत गेलं तर टँकमध्ये काहीतरी बिनसतंय, हे नायट्रेटच्या चाचणीआधी तो तक्ता सांगतो.

तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी दोन वस्तू आणून ठेवा: एक बादली आणि एक वजनकाटा. काटा स्वयंपाकघरातला नको, वेगळा आणा. आमच्याकडे यावरून एकदा बोलणी खाऊन झाली आहेत.